दहा डबे, दीड युनिट: रेल्वे यार्डातलं बॅटरीचं छोटं इंजिन

मडगावला मुंबईहून आलेली गाडी रिकामी होते, प्रवासी टॅक्सी-रिक्षा धरून आपापल्या वाटेला लागतात आणि गाडीच्या दिवसाचा दुसरा भाग सुरू होतो. आता ती फलाटावरून पिट लाइनवर न्यायची. पिट लाइन म्हणजे मधोमध लांबलचक खड्डा असलेले रूळ. त्या खड्ड्यात उतरून माणसं चाकं, स्प्रिंगा, ब्रेक खालून तपासतात. एखाद्या डब्यात बिघाड सापडला तर तो रेकमधून, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या माळेतून, तोडून बाजूला काढायचा आणि त्याच्या जागी दुसरा आणून जोडायचा. या सगळ्या जोडातोडीला आणि हलवाहलवीला शंटिंग म्हणतात. अंतर काहीशे मीटरचं, वेग जवळजवळ माणसाच्या चालीचा. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा मोठं डिझेल इंजिनच करतं. खास शंटिंगसाठी बांधलेलं डब्ल्यूडीएस-६ इंजिनसुद्धा १,४०० अश्वशक्तीचं असतं.

जगभरच्या रेल्वे कारखान्यांत आणि डेपोंत याच कामाला एक वेगळं यंत्र वापरतात. जेमतेम चार-पाच मीटर लांब, बॅटरीवर चालणारं, आवाज जवळजवळ नसलेलं. चालवणारा कधी त्यावर बसतो, तर कधी हातात रिमोट घेऊन शेजारून चालतो. त्याची एकूण ताकद असते चाळीस-पन्नास अश्वशक्ती, म्हणजे एखाद्या लहान मोटारीच्या इंजिनाहूनही कमी. तरीही ते दहा डबे हलवतं. ते कसं, आणि त्याच्याकडून काय मागू नये, हे गोव्यातल्या वाचकाने आत्ताच समजून घ्यायला हवं असं मला वाटतं. कारण आपल्या रुळांवर गेल्या काही वर्षांत जो बदल झाला, त्यानेच या यंत्राची गरज वाढवली आहे.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२मध्ये पूर्ण झालं. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आली. मुख्य मार्गावर डिझेलचा धूर गेला, हे चांगलंच झालं. पण शेडमधली अडचण यातूनच उभी राहते. डब्याच्या किंवा इंजिनाच्या छपरावर काम करायचं असेल तर वर वाहती तार असून चालत नाही. २५,००० व्होल्टच्या तारेपासून किमान २ मीटर दूर राहावं लागतं. म्हणून दुरुस्तीच्या जागी तार एकतर नसतेच, किंवा तिचा प्रवाह तोडून, ती जमिनीला जोडून मगच माणूस वर चढतो. अशा ठिकाणी ६,३५० अश्वशक्तीचं, तारेवर चालणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन म्हणजे १२३ टन निश्चल लोखंड. ते स्वतःहून आत जाऊ शकत नाही आणि बाहेरही येऊ शकत नाही. २७ जून २०२३पासून मडगाव–मुंबई धावणाऱ्या वंदे भारतला तर वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या आहेत आणि त्यांना वीज वरच्या तारेतूनच मिळते. तार संपली की अशी अख्खी गाडी दुसऱ्या कुणीतरी ढकलावी लागते.

चाकं घासून पुन्हा गोल करण्याच्या कामात हे फार ठळकपणे दिसतं. ब्रेक लागून चाक रुळावर घसरलं की त्याचा एक भाग चपटा होतो. मग धावताना तो ठक-ठक वाजतो, रुळांना आणि बेअरिंगांना मार देतो. चाक डब्याखालून न काढता ते पुन्हा गोल करणारं यंत्र जमिनीखाली, रुळांच्या पातळीत बसवलेलं असतं. डब्याची एक जोडी चाकं त्यावर नेमकी आणून उभी करायची, ती झाली की डबा पुढे सरकवून दुसरी जोडी आणायची. एका डब्याला अशा चार जोड्या. इथे मोठ्या इंजिनाला 'थोडं पुढे' घ्यायला सांगितलं तर ते हातभर पुढे जातं. गरज असते दोन बोटांची.

आता मूळ प्रश्नाकडे. एवढंसं यंत्र एवढं वजन ओढतं कसं?

सगळं गणित दोन आकड्यांवर उभं आहे. पहिला आकडा चाक किती सहज फिरतं याचा. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सपाट रुळावर चालत्या डब्याला चालत ठेवायला टनामागे फक्त २ किलोच्या आसपास ओढ पुरते. डांबरी रस्त्यावरच्या रबरी टायरला याच्या कितीतरी पट लागते. (ओढ मोजायचं शास्त्रीय एकक न्यूटन आहे, पण रेल्वेतली जुनी माणसं किलोतच बोलतात आणि समजायलाही ते सोपं जातं.) थांबलेला डबा पहिल्यांदा हलवताना मात्र जास्त जोर लागतो. त्यासाठी टनामागे ५ किलो धरू. एक एलएचबी, म्हणजे आजच्या नव्या बनावटीचा प्रवासी डबा सुमारे ४० टनांचा, म्हणजे दहा डबे ४०० टन. ते जागचे हलवायला लागणारी ओढ ४०० गुणिले ५, म्हणजे २,००० किलो. अवघे दोन टन.

दुसरा आकडा चाकाच्या पकडीचा. मोटार कितीही ताकदवान असली तरी चाक रुळावर घसरलं तर ती ताकद वाया जाते. कोरड्या रुळावर पोलादी चाकाला स्वतःवरच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढी पकड मिळते. १० टनांचं यंत्र असेल तर अडीच टन. आपल्याला हवे होते दोन. जमलं.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. रस्त्यावरच्या विजेच्या गाडीत बॅटरीचं वजन ही डोकेदुखी असते. ते कमी करण्यासाठी जगातल्या मोठमोठ्या कंपन्या धडपडत आहेत. यार्डातल्या या इंजिनात मात्र वजन हवंच असतं, कारण वजन म्हणजे पकड. बॅटरी पुरेशी जड नसेल तर वर लोखंडी पाट्या घालून यंत्र मुद्दाम जड करतात. म्हणूनच जुनी, स्वस्त, जडजंबाल लेड-ॲसिड बॅटरी इथे इतकी वर्षं सुखाने टिकली.

वजन वाढवायचं नसेल तर दुसरा रस्ता आहे रबराचा. आपल्या मेट्रोंच्या डेपोंत दिसणारी रस्त्यावर आणि रुळावर दोन्हीकडे चालणारी शंटिंग यंत्रं याच तत्त्वावर चालतात. मार्गावर राहण्यासाठी छोटी पोलादी चाकं आणि जोर लावण्यासाठी रबरी टायर. रबराची पकड पोलादाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे पाच-सहा टनांचं यंत्रही दहा टनांच्या पोलादी चाकवाल्याचं काम करतं. शिवाय काम संपलं की रूळ सोडून बाजूच्या काँक्रीटवरून दुसऱ्या लाइनवर जातं, पॉइंट, म्हणजे रूळ फुटतात तिथले सांधे, बदलत बसावं लागत नाही. टायर झिजतात, हा त्याचा खर्च.

ओढ पुरेशी आहे हे झालं. आता वीज किती लागते ते पाहू, कारण बॅटरी म्हटलं की सगळ्यांच्या मनात पहिली शंका 'पुरेल का?' हीच येते.

४०० टनांचे दहा डबे ३०० मीटर न्यायचे आहेत. यार्डात वळणं आणि पॉइंट असतात, म्हणून चालत्या डब्यांना टनामागे २ ऐवजी ३ किलो धरू. म्हणजे १,२०० किलोची ओढ, ३०० मीटरभर. याचा हिशेब विजेत केला तर साधारण एक युनिट येतं. मोटार, गिअर, बॅटरी यांच्यात वाया जाणारी वीज आणि डब्यांना वेग देण्यासाठी लागणारी थोडी वीज मिळवली तर दीड युनिट. घरातला दीड टनाचा एसी तासभर चालवला तर जेवढी वीज जाते, जवळपास तेवढीच. या यंत्रांत सर्रास वापरली जाणारी ८० व्होल्ट, ५०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी ४० युनिटांची असते. ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ३२ युनिटं वापरायची. वीसेक वेळा दहा डबे हलवता येतील, आणि कुठल्याही एका पाळीत मोठा रेक इतक्या वेळा क्वचितच हलतो.

शेजारी डिझेलचा हिशेब ठेवतो. जुन्या बनावटीचं मोठं डिझेल इंजिन नुसतं धडधडत उभं असलं तरी तासाला २० लिटरच्या आसपास डिझेल जाळतं. आणि शंटिंगच्या पाळीत इंजिनाचा बराचसा वेळ उभं राहण्यातच जातो. सिग्नल मिळायचा असतो, डबे जोडणारं कपलिंग सुटायचं असतं, पॉइंट्समन (सांधे बदलणारा, डबे जोडणारा-तोडणारा कामगार) पुढे गेलेला असतो. बंद करून पुन्हा चालू करणं त्रासाचं असल्याने ते तसंच ठेवतात. बॅटरीच्या इंजिनात चाक थांबलं की मोटार काहीच घेत नाही. माझ्या मते या यंत्राची खरी बचत ओढण्यातली नाही, थांबण्यातली आहे. आणि शेडच्या छपराखाली, खड्ड्यात उतरून काम करणाऱ्या माणसाच्या छातीत जो धूर जात नाही, त्याला तर मी लिटरमध्ये मोजणारच नाही.

विजेच्या मोटारीचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडतो. ती उभ्या स्थितीतून पूर्ण जोर लावू शकते. डिझेल इंजिन फिरत असल्याशिवाय जोर देत नाही, म्हणून त्याच्या आणि चाकांच्या मधे जनरेटर किंवा द्रवावर चालणारी जोडणी घालावी लागते. मोटारीला त्यातलं काही लागत नाही. आजच्या यंत्रांत इन्व्हर्टरवर चालणाऱ्या एसी मोटारी असतात. त्यांचा वेग इतका बारीक आवरता येतो की चाकांच्या जोडीला हव्या त्या जागी आणणं सहज जमतं.

ब्रेकचं काय?

इथे मला थोडं थांबून, नीट लिहायचं आहे. छोटं यंत्र विकणारे नेहमी 'किती टन ओढतं' हा आकडा पुढे करतात. शेडच्या माणसाने विचारायला हवं ते वेगळंच: किती टन, किती मीटरमध्ये थांबवतं?

आपल्या डब्यांना हवेचे ब्रेक असतात. गाडीभर एक नळी जाते, ब्रेक पाइप. त्यात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब गेला की ब्रेक लागले. म्हणजे गाडी मधेच तुटली, नळी निसटली, तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. ही रचना फार शहाणपणाची आहे.

पण यार्डात उभ्या डब्यांच्या नळीत हवा नसते. ते हलवायचे तर दोन मार्ग. एक, इंजिनावरच्या कॉम्प्रेसरने नळीत हवा भरायची. मग सगळ्या डब्यांचे ब्रेक हातात राहतात. दोन, प्रत्येक डब्याची हवा हाताने सोडून ब्रेक मोकळे करायचे. दुसऱ्या मार्गात डबे हलतात खरे, पण आता त्यांना स्वतःचा ब्रेकच उरलेला नसतो. ४०० टन वजन थांबवायची सगळी जबाबदारी त्या १० टनांच्या यंत्रावर येते.

आकडे बघा. कोरड्या रुळावर ते यंत्र अडीच टन ओढतं, तसं जास्तीत जास्त अडीच टनांनीच रोखू शकतं. ४०० मीटरला १ मीटर एवढा, डोळ्याला दिसणारही नाही असा उतार असेल, तर तो ४०० टनांना १ टनाने पुढे ढकलतो. चाकांचा स्वतःचा अडथळा त्यातला बराचसा खाऊन टाकतो, म्हणून दोन्ही एकमेकांत वजा धरू. ताशी ५ किलोमीटर वेगात असे डबे सुमारे १७ मीटरमध्ये थांबतील. वेग दुप्पट केला, ताशी १० किलोमीटर, तर ६५ मीटरच्या वर लागतील, कारण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि रूळ ओला असेल तर? पकड पाव हिश्शावरून १५ टक्क्यांवर येते. ताशी ५ किलोमीटरलाच ३० मीटर, १० ला शंभराच्या पुढे. दहा डब्यांच्या पलीकडे कुणी रूळ ओलांडत असेल तर त्याला हे अंतर माहीत नसतं. आवाज करणारं इंजिनही नसतं.

भारतीय रेल्वेत शंटिंगचा सर्वसाधारण कमाल वेग ताशी १५ किलोमीटर आहे. माझं मत स्पष्ट आहे: ब्रेक पाइपमध्ये हवा भरू न शकणाऱ्या छोट्या यंत्राला हा वेग कधीच देऊ नये. त्याची मर्यादा चालीएवढी ठेवावी आणि ती चालवणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता यंत्रातच बांधून टाकावी. दहा डब्यांसाठी यंत्र घ्यायचं असेल तर त्यावर कॉम्प्रेसर असलाच पाहिजे. तो बॅटरी खातो, किंमत वाढवतो, तरीही. एकेकटा डबा चाकाच्या यंत्रावर सरकवायचा असेल तेवढ्यापुरतं त्याच्याशिवाय चालेल.

रेल्वे स्टेशनच्या यार्डाचा उतार ४०० मीटरला १ मीटरहून तीव्र नसावा आणि शक्यतो १,२०० मीटरला १ मीटर असावा, या नियमामागचं एक कारणही इथेच कळतं. तोच हिशेब घाटात लावून पाहा. कुळे ते कॅसलरॉक, दूधसागरच्या चढावर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. तिथे ४०० टनांना नुसत्या चढापायी जवळपास ११ टन ओढ लागते. आपलं यंत्र अडीच टनांचं. ते तिथे डबे ओढणं सोडाच, मागे घसरतानाही रोखू शकणार नाही. मुरगाव बंदरातल्या भरलेल्या मालगाडीचंही तेच. हजारो टनांचा रेक हे या यंत्राचं काम नाही आणि तशी अपेक्षा ठेवून ते घेणाऱ्याने पैसे वाया घालवले असं समजावं.

गोव्याचा पाऊस, गोव्याची हवा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे रूळ ओलेच असतात. त्यावर लाल चिखलाचा पातळ थर बसला, की पकड आणखी उतरते. गंमत अशी, की मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. पहिली रिमझिम आणि पहाटेचं दव मात्र धूळ-तेलाचा चिकट लेप तयार करतात. उपाय जुना आहे आणि अजून उत्तम आहे: चाकाच्या पुढे कोरडी वाळू सोडायची. पण वाळू कोरडी राहायला हवी. आपल्या हवेत डब्यात भरलेली वाळू ओल धरते, गुठळ्या होतात आणि नेमक्या वेळी नळी तुंबते. वाळूचा डबा झाकलेला, कोरडा ठेवणं हे इथे किरकोळ काम समजू नये.

वास्कोसारख्या ठिकाणी समुद्र जवळ. खारी हवा बॅटरीच्या जोडांवर हिरवा-पांढरा क्षार चढवते. जोड सैल झाला की तिथे उष्णता तयार होते. आठवड्याला पुसणं, व्हॅसलीन लावणं, नटबोल्ट घट्ट आहेत का पाहणं, इतकं केलं तरी बराच त्रास टळतो. लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्जिंगच्या शेवटी ती हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. म्हणून पावसापासून वाचवायला चार्जिंगची खोली चारी बाजूंनी बंद करू नये. हायड्रोजन हलका, तो वर जाऊन साचतो, तेव्हा झरोके छताजवळ हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत पाणी घालायचं काम नाही, वायू नाही, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही थोडी चार्ज करून घेता येते आणि ती लेड-ॲसिडच्या दुप्पट किंवा जास्त वेळा भरता-उपसता येते. किंमत जास्त, आणि हलकी असल्याने वजनासाठी लोखंड घालावं लागतं. तीन पाळ्या चालणाऱ्या डेपोला मी लिथियमच सुचवेन. दिवसाला चार डबे हलवणाऱ्या छोट्या शेडला लेड-ॲसिड पुरेशी आहे, फक्त ती रिकामी करून रात्रभर तशीच ठेवायची नाही. तसं केलं की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि बॅटरीची भूक कायमची मरते.

या यंत्राकडे कुणी नवा प्रयोग म्हणून बघू नये. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी १८४२मध्ये एडिंबरो–ग्लासगो मार्गावर बॅटरीचं इंजिन चालवून दाखवलं होतं. त्यांच्या बॅटऱ्या पुन्हा भरता येत नव्हत्या, जस्त खाऊन संपायच्या, त्यामुळे ते परवडणारं नव्हतं. पुन्हा भरता येणारी लेड-ॲसिड बॅटरी १८५९मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी बनवली आणि वाट मोकळी झाली. इंग्लंडमध्ये १९१७ साली बांधलेलं एक बॅटरी इंजिन तांब्याच्या कारखान्यात कित्येक दशकं डबे हलवत होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री रुळांतली वीज बंद करून दुरुस्ती चालते, तेव्हा कामगारांच्या गाड्या आजही बॅटरीची इंजिनंच ओढतात. आपल्याकडे पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने २०२०मध्ये 'नवदूत' हे इंजिन तयार केलं. तारेवरही चालतं आणि तार नसेल तिथे बॅटरीवरही. ते छोटं नाही, पण तार संपते तिथे काय करायचं या प्रश्नाचंच ते उत्तर आहे.

राहिली माणसं. डबे जोडताना पॉइंट्समन दोन डब्यांच्या मधल्या जागेजवळ असतो. रेल्वेच्या यार्डातले सगळ्यांत वाईट अपघात तिथे होतात. रिमोटवर चालणाऱ्या यंत्रात चालवणारा स्वतः त्या जोडाजवळ उभा राहून सगळं डोळ्यांनी पाहू शकतो, झेंडीच्या किंवा दिव्याच्या खुणेची वाट पाहत नाही. हा मोठा फायदा आहे. पण रिमोट हातात आला की 'दोघांचं काम एकाने करा' असं सांगण्याचा मोह वरिष्ठांना होतो. दहा डब्यांच्या पुढच्या टोकाला काय आहे ते मागच्या टोकाला रिमोट घेऊन उभ्या असलेल्याला दिसत नाही. ढकलताना पुढच्या टोकाला दुसरा माणूस हवाच, आणि त्याच्या हातात यंत्र तिथल्या तिथे थांबवणारं बटण हवं. काम संपल्यावर डब्यांच्या चाकांखाली लाकडी गुटके, स्किड (चाक अडवणारा लोखंडी तुकडा) आणि साखळी लावून कुलूप घालणं हेही त्या दोघांचंच काम. ते लावल्याची नोंद झाल्याखेरीज यंत्र डब्यांपासून तोडू नये.